सार्वजनिक काकांचे वकीलपत्र

पर्वतीच्या पायऱ्या चढताना पुण्याच्या राजकारणाचा एक मोठा अध्याय याच देवस्थानच्या कारभारावरून सुरू झाला, याचे भान फारसे कोणाला नसते. पर्वती संस्थानच्या पंचांविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्या सरकारपुढे मांडायच्या कोणी आणि कोणाच्या वतीने, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका वकिलाने वकिलाच्याच पद्धतीने शोधले. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी.

९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यात जन्मलेले जोशी तरुणपणी पुण्यात आले. काही काळ सरकारी कचेरीत नोकरी करून पुढे त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासदत्वासाठी एक विलक्षण अट ठेवण्यात आली. प्रत्येक सभासदाने निदान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे! अशा पंचाण्णव सभासदांमागे सुमारे सहा हजार लोक उभे राहिले. मतपेटी कोणी पाहिलेली नव्हती, त्या काळात पक्षकाराशिवाय वकील उभा राहत नाही हा न्यायालयातला साधा नियम जोशींनी राजकारणात आणला. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले आणि पुढे तेच त्यांचे नाव होऊन बसले.

काकांचा स्वभाव धाडसी होता. पण ते धाडस लपूनछपून करण्याचे नव्हते. १८७२ च्या सुमारास त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः सूत काढावे, त्याचेच जाडेभरडे कापड अंगावर घालावे, असा त्यांचा क्रम असे. गांधीजी त्या वेळी पोरबंदरात दोन-तीन वर्षांचे होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. जानेवारी १८७७ मध्ये दिल्लीला राणी व्हिक्टोरिया हिला सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा दरबार भरला. संस्थानिकांच्या जरीच्या पोशाखांत आणि रत्नांच्या झगमगाटात सभेच्या वतीने काका गेले ते खादी नेसून. सोबतच्या मानपत्रात राणीच्या ब्रिटिश प्रजेला असलेला राजकीय व सामाजिक दर्जा हिंदी प्रजेलाही मिळावा, अशी मागणी होती. मानपत्रात मागणी घालणे हीही वकिली युक्तीच म्हणायची!

घरातही वारे तेच होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ मध्ये ‘स्त्रीविचारवती सभा’ स्थापन केली आणि निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांना हळदीकुंकवाच्या निमित्ताने एकत्र आणले. त्या काळच्या पुण्यात ही गोष्ट दिल्ली दरबारातल्या खादीहून सोपी होती असे मुळीच नाही.

परंतु खरी कसोटी १८७९ साली लागली. दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. लष्कराच्या हिशेबखात्यातील माजी कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह सशस्त्र बंड उभारले. मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले, आणि सरकारचा संशय पुण्याच्या सुशिक्षित वर्गावर स्थिरावला. महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली. त्यांच्या टपालावरही नजर ठेवली जाई. सभेचे चालकही या संशयातून सुटणारे नव्हते. जुलैमध्ये फडके विजापूरकडील देवर नावडगी येथे तापाने फणफणलेल्या अवस्थेत पकडले गेले व पुण्यास आणले गेले.

आता त्यांचे वकीलपत्र घ्यायचे कोणी? फडक्यांच्या नावाशी नाव जोडले जाणे म्हणजे सनद, चरितार्थ आणि कदाचित स्वातंत्र्यही पणाला लावणे होते. ज्या संस्थेवर सरकारची वक्रदृष्टी, तिच्याच संस्थापकाने ते वकीलपत्र उचलले. बचावाच्या कामात महादेव चिमणाजी आपटे हेही होते. पुढे पुण्यात आनंदाश्रम स्थापन करणारे ते हेच. आरोपीची स्वहस्ते लिहिलेली रोजनिशी आणि आत्मवृत्त फिर्यादी पक्षाच्या हाती होते, तेव्हा खटला जिंकण्याची आशा मुळातच थोडी. काका स्वतः सनदशीर मार्गाचे. अर्ज, सभा आणि चौकशी यांवर त्यांचा विश्वास. म्हणून त्यांना बंडाचे छुपे सूत्रधार ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. मार्ग पटत नसलेल्या माणसालाही न्यायालयात बोलणारा कोणी तरी हवा, एवढ्यासाठी ते उभे राहिले, असे मानले तर त्यांची योग्यता उणी होत नाही, उलट वाढते.

नोव्हेंबर १८७९ मध्ये फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना एडनला धाडण्यात आले. त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही, तोच २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काकांचे निधन झाले. फेब्रुवारी १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात फडक्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून पलायन केले. ते पुन्हा पकडले गेले आणि काही दिवसांतच त्यांचे प्राण गेले. ही वार्ता पुण्यात पोहोचली, तेव्हा ती ऐकायला त्यांचे वकील हयात नव्हते.