फौज नसलेलं बंड

राजा गेला की दरबारातल्या जुन्या माणसांना नव्या राजाची भीती वाटते. हे सगळ्या जगात घडतं. इंग्लंडमध्ये विल्यम रूफस १०८७मध्ये गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या सावत्र काकाने, बिशप ओडोने, बड्या सरदारांना घेऊन बंड केलं. त्यांना राजाचा थोरला भाऊ रॉबर्ट गादीवर हवा होता. बंड फसलं, ओडोला देश सोडावा लागला.

आपल्याकडचं असं बंड रायगडावर झालं. ते का फसलं, हा प्रश्न मला ते कोणी केलं यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराज गेले. थोरले संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. रायगडावरच्या मंडळींनी २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. यात पुढे होते अण्णाजी दत्तो. पेशवे मोरोपंतही बरोबर होते. दोघे संभाजीराजांना कैद करायला पन्हाळ्याकडे निघाले.

अण्णाजी म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. महाराजांच्या कारभारात चौल-दाभोळपासून राजापूर, कुडाळ, बांद्यापर्यंतचा कोकणप्रांत त्यांच्याकडे होता. म्हणजे आमचा आजचा सिंधुदुर्ग जिल्हा बराचसा त्यांच्याच हाताखाली. १६७३मध्ये पन्हाळा स्वराज्यात परत आला, त्या मोहिमेतही ते होते. जमिनीची मोजणी, सारा, वसुली यांतला एवढा जाणकार माणूस दुसरा नव्हता.

तरीही पन्हाळ्याच्या वाटेवर सगळा डाव उलटला. सरनोबत हंबीरराव मोहिते म्हणजे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामांचे मामा. भाच्याला गादी मिळणार होती. पण ते थोरल्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी या कारभाऱ्यांनाच पकडलं. जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले. १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला.

आता मूळ प्रश्न. ओडोला किल्ल्यांतून कोंडून, वेढा घालून बाहेर काढावं लागलं, कारण इंग्लंडच्या सरदारांकडे स्वतःच्या जमिनी, स्वतःचे किल्ले आणि स्वतःचे शिपाई होते. अण्णाजींकडे यातलं काहीच नव्हतं. महाराजांनी जहागिरी देण्याऐवजी रोख पगाराची पद्धत ठेवली होती. एका किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, तिघांचा एकमेकांवर वचक. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सगळ्या चाव्या एकाच माणसाकडे द्यायच्या नाहीत हा आमच्याकडचा पहिला धडा. महाराजांनी तो साडेतीनशे वर्षांपूर्वी गडागडावर लागू केला होता. मोठ्यात मोठ्या कारभाऱ्याच्या हातात लेखणी होती, शिक्का होता, हिशेब होता. फौज मात्र राज्याची होती. म्हणून सरनोबत फिरला तिथेच बंड संपलं.

पुढचा भाग दुःखाचा आहे. संभाजीराजांनी अण्णाजींना सोडलं आणि पुन्हा मोठं पद दिलं. मोरोपंत १६८०मध्येच वारले, तर पेशवाई त्यांचे पुत्र निळोपंत यांना दिली. ऑगस्ट १६८०च्या संस्कृत दानपत्रात राजांनी सावत्र आई सोयराबाईंचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं म्हटलं आहे आणि दोष कारभाऱ्यांवर ठेवला आहे. सूड घ्यायला निघालेला माणूस असं लिहीत नाही.

पण १६८१च्या ऑगस्टमधल्या इंग्रजांच्या पत्रात विषप्रयोगाची बातमी येते. विष माशाच्या पदार्थात घातलं होतं. एका पोराला ते ठाऊक होतं, त्याने राजांना खाऊ दिलं नाही. ते अन्न चाखवलेला एक नोकर आणि एक कुत्रा मेले. त्यानंतर कटवाल्यांनी औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याच्याशी संधान बांधलं. अकबर तेव्हा सुधागडच्या परिसरात संभाजीराजांच्याच आश्रयाला होता. त्याने ती गोष्ट राजांना कळवली. अण्णाजी, त्यांचे भाऊ सोमाजी, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस यांना देहदंड झाला. हिरोजी म्हणजे आग्र्याला महाराजांच्या जागी पलंगावर झोपलेले हिरोजी! २७ ऑक्टोबरला सोयराबाईही गेल्या. त्याच सुमारास औरंगजेब दख्खनकडे निघाला होता. तो नोव्हेंबरमध्ये बुऱ्हाणपूरला पोचला. स्वराज्याला जाणत्या माणसांची सर्वांत जास्त गरज असताना ती अशी गेली.

हल्ली फोनवर या कटाचे तीस सेकंदांचे रील येतात आणि खाली कमेंटमध्ये जातीवरून भांडण सुरू होतं. त्यांना यादीच दाखवावी. कटात अण्णाजी ब्राह्मण, बाळाजी आवजी कायस्थ प्रभू, हिरोजी भोसले घराण्याशी जोडलेले, सोयराबाई मोहित्यांच्या. राजांच्या बाजूला मोहित्यांचेच हंबीरराव आणि उत्तरेतून आलेले ब्राह्मण कवी कलश. एकाच घरातली बहीण एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला. या कटाची रेघ जातीतून जात नाही, ती घराघरांतून जाते.

आणखी एक गोष्ट. संभाजीराजांना व्यसनी आणि उतावळे ठरवणारी प्रतिमा ज्या बखरींमुळे रुजली, त्यांतली एक मल्हार रामराव चिटणीसांची. ती सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरची, आणि लिहिणारे देहदंड झालेल्या बाळाजी आवजींचे वंशज. बखर वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. १९६०मध्ये वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र आलं आणि समकालीन कागद पुढे ठेवून हे चित्र बदलू लागलं.

पण त्याच चिटणीस घराण्यात बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळही होता. बाप राजाज्ञेने गेला, तरी त्याने संभाजीराजांची चाकरी सोडली नाही. पुढे राजाराम जिंजीला निसटले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता. बापाचा शेवट डोळ्यांसमोर असताना त्याने ही निष्ठा कुठून आणली असेल? त्याच्यावर रील मला अजून दिसलेलं नाही.