सीएमपी : वाचनदोषाची हाताळणी

सीएमपी : दोन फायली बाइटगणिक ताडून पाहणारी युनिक्स आज्ञा. पॉसिक्स मानकानुसार फायली सारख्या असल्यास ती 0, वेगळ्या असल्यास 1 आणि अडचण आल्यास 1 पेक्षा मोठा संकेतांक देते. जीएनयू आवृत्तीत तो 2 असतो. अशी आज्ञा लिहिताना वाचनासाठी वापरले जाणारे सी भाषेतील ‘गेटसी’ हे फंक्शन फाइल संपली तरी आणि वाचन फसले तरी ‘ईओएफ’ हेच मूल्य परत करते. त्यामुळे दोष तपासणाऱ्या ‘फेरर’ या फंक्शनने खातरजमा न केल्यास खराब डिस्कवरील फाइल लहान भासते आणि दोन्ही फायलींचे वाचन सारख्याच भागानंतर तुटले, तर पूर्ण न वाचलेल्या फायली सारख्या ठरतात. वाचनदोषासाठी शून्येतर कोणताही संकेतांक पुरेसा आहे, हा आक्षेप टिकत नाही. कारण 1 हा निष्कर्ष आहे, तर 2 म्हणजे निष्कर्षाचा अभाव. म्हणून वाचनदोष फाइलच्या नावासह कळवून 2 देऊन थांबणे हेच योग्य.