रेषेपुरते उरलेले क्षितिज

निसर्गचित्र म्हटले की झाड, डोंगर, नदी यांची अपेक्षा आपण गृहीत धरतो. नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) यांची १९७० नंतरची रेखाटने ही अपेक्षाच नाकारतात. कागद, पेन्सिल, शाई आणि वास्तुविशारदाची आरेखन-साधने एवढीच सामग्री. तीतून उमटतात कुठे दाटणाऱ्या, कुठे विरत जाणाऱ्या रेषा.

कराचीत जन्म, मुंबईत बालपण, लंडनमध्ये कलाशिक्षण, १९७२ पासून बडोद्याला अध्यापन आणि अखेर अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राकाठी मृत्यू. या रेषांत समुद्र पाहण्याचा मोह आम्हांलाही होतो. मोह सर्वस्वी निराधार नाही. १९६० च्या दशकातील त्यांच्या चित्रांत झाडाफांद्यांचे आभास आहेत. हयातीत त्यांनी प्रदर्शित न केलेल्या छायाचित्रांत समुद्रकिनारे आणि रस्ते आहेत. म्हणजे निसर्ग येथे मुळात नव्हता असे नाही. तो हळूहळू वजा होत गेला.

तरीही त्यांनी चित्रांना शीर्षके दिली नाहीत, तारखाही बहुधा घातल्या नाहीत. इतिहासलेखनाला ही उणीव वाटते. आम्हांला ती अट वाटते. ‘हा समुद्र’ असे म्हणताच हाताचा दाब, रेषेचा फिकटपणा, मधली कोरी जागा नजरेआड होते. कविता शिकवताना आम्ही हीच चूक करत आलो आहोत: आशय हाती लागताच शब्द सोडून देतो. या रेखाटनांपुढे तसे करता येत नाही. रेषा सोडली, तर हाती काहीच उरत नाही.