रहस्यपटाचें पहिलें दृश्य

जुन्या मराठी नाटकांत प्रथम नांदी होई, आणि मग सूत्रधार व नटी रंगभूमीवर येऊन पुढें कोणता खेळ व्हावयाचा आहे हें प्रेक्षकांस सांगून टाकीत. कीर्तनांतही पूर्वरंगांत निरूपण आणि उत्तररंगांत आख्यान अशी वांटणी असल्यामुळें श्रोत्याच्या मनाची मशागत आधीं होते आणि पेरणी मागाहून. चित्रपटास असा सूत्रधार नाहीं. त्यांतही रहस्यपटाची अडचण दुहेरी आहे. कांहीं तरी भयंकर घडणार आहे, ही जाणीव प्रेक्षकांस पहिल्या कांहीं मिनिटांतच झाली पाहिजे. पण काय घडणार, कोणाच्या हातून आणि कां, हें सारें एकदम सांगून चालत नाहीं. काय सांगावयाचें आणि काय राखून ठेवावयाचें, याचा हिशेब प्रथम मांडला जातो तो पहिल्या दृश्यांत. नवशिक्या दिग्दर्शकाची खरी परीक्षा तेथेंच होते. मॉस्कोच्या चित्रपट-विद्यालयांत १९५६ सालीं झालेल्या एका प्रयोगावरून ही गोष्ट चांगली ध्यानांत येते. परंतु त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वीं बोलपटाच्या आरंभकाळांतील दोन उदाहरणें पाहणें इष्ट आहे.

फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'एम्' हा जर्मन बोलपट १९३१ सालीं बर्लिन येथें प्रथम दाखविण्यांत आला. लहान मुलांचे खून करणाऱ्या एका इसमाची ती कथा. आरंभीं एका चाळवजा इमारतीच्या चौकांत मुलें गोल करून खुन्याविषयींचें गाणें म्हणत खेळत असतात. वर एक आई कपडे धूत असते. घड्याळांत बाराचे ठोके पडतात. मुलगी शाळेंतून येईल म्हणून ती टेबलावर ताट मांडते. इकडे रस्त्यांत ती मुलगी एका खांबावर चेंडू आपटीत उभी आहे. खांबावर खुन्याला पकडून देणारास बक्षीस जाहीर केलेलें पत्रक आहे, आणि त्या पत्रकावर एका माणसाची सावली पडते. माणसाचा चेहरा दिसत नाहीं. तो एक सूर शिटींत घोळवीत तिला आंधळ्या फुगेवाल्याकडून फुगा घेऊन देतो. मग आईच्या हांका ऐकूं येतात, आणि पडद्यावर दिसतो तो रिकामा जिना, रिकामा माळा, रिकामें ताट. शेवटीं झुडपांतून चेंडू घरंगळत येतो आणि फुगा तारांत अडकून फडफडतो. खून कोठेंही दाखविलेला नाहीं. तो ज्याच्या त्याच्या मनांत होतो. पुढें त्याच शिटीवरून आंधळा फुगेवाला खुन्यास ओळखतो. म्हणजे पहिल्या दृश्यांत नुसती भीति निर्माण केलेली नाहीं. शेवटास उपयोगीं पडणारें बींही तेथेंच पेरून ठेवलें आहे.

जर्मन पडद्यावरील छायाप्रकाशाची ही रीत महाराष्ट्रांतही लवकरच दिसूं लागली. प्रभात कंपनीचे व्ही. शांताराम हे १९३३ सालीं 'सैरंध्री' या चित्रपटाच्या रंगीत प्रतींच्या कामासाठीं जर्मनींत गेले होते. त्यानंतर, कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आल्यावर, १९३४ सालीं त्यांनीं 'अमृतमंथन' काढला. नारायण हरि आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट पौराणिक थाटाचा असला, तरी त्याचा आरंभ हा कटाचा आहे. यज्ञांतील बळी बंद करणाऱ्या राजाचा वध करण्यासाठीं चंडिकेचे भक्त अंधाऱ्या जागेंत जमतात, मशालींच्या सावल्या भिंतींवर नाचतात, आणि राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा व्यापून टाकतो. या ठिकाणीं कोण मारणार आणि कोणास मारणार, दोन्ही प्रेक्षकांस आधींच कळतें. रहस्य राहतें तें एवढेंच कीं, राजवाड्यांतील माणसांस हें केव्हां कळेल. 'एम्'मध्यें गुन्हा आधीं येतो आणि गुन्हेगाराचा चेहरा मागून. 'अमृतमंथन'मध्यें गुन्हेगाराचा डोळा आधीं येतो आणि गुन्हा मागून. पहिल्या दृश्याचे हे दोन मुख्य मार्ग होत.

आतां मॉस्कोकडे वळावयाचें. तेथील 'व्गिक' हें सरकारी चित्रपट-विद्यालय १९१९ सालीं स्थापन झालें. लेनिनविषयींच्या चित्रपटांमुळें नांवाजलेले मिखाईल रोम हे तेथें दिग्दर्शनाचा वर्ग चालवीत. १९५६ सालीं त्यांच्या वर्गांतील अंद्रेई तार्कोव्हस्की, अलेक्सांद्र गोर्दोन आणि मारिका बेइकु या तीन विद्यार्थ्यांनीं मिळून सुमारें वीस मिनिटांचा एक चित्रपट तयार केला. नांव 'मारेकरी'. आधार होता अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९२७ सालच्या त्याच नांवाच्या लघुकथेचा. पैसा नव्हता, साधनें तुटपुंजीं होतीं. सामानसुमान घरांतून आणि ओळखीच्या लोकांकडून गोळा केलेलें. नटही बहुतेक सहाध्यायीच. ज्याच्या जिवावर मारेकरी उठले आहेत त्या ओले अँडर्सनची भूमिका करणारा वासिली शुक्शिन हाही त्याच वर्गांतला. चित्रपटांत प्रवेश तीन. पहिला व तिसरा उपाहारगृहांत, दुसरा अँडर्सनच्या खोलींत. उपाहारगृहांतील दोन्ही प्रवेश तार्कोव्हस्की व बेइकु यांनीं बसविले, मधला गोर्दोन यांनीं.

चित्रपट मूळ कथेच्या मागोमाग चालतो. म्हणून पहिल्या प्रवेशाची मांडणी समजण्यासाठीं कथेंतील खोलीच पाहिली पाहिजे. एक लांब काउंटर, त्याच्या पाठीमागें आरसा, भिंतीवर वीस मिनिटें पुढें असलेलें घड्याळ, आणि स्वयंपाकघराकडे उघडणारा एक झरोका. दोन अनोळखी माणसें येतात. दोघांचा पोशाख सारखा, आंगरखे घट्ट, हातांत मोजे. ते जेवण मागतात. तें सहापूर्वीं मिळत नाहीं असें उत्तर येतें, आणि घड्याळावरून थोडी हुज्जत होते. जेवतांना ते हातमोजे काढीत नाहींत. येथवर गुन्हा म्हणण्यासारखें कांहींच घडलेलें नाहीं; पण पाहणारा अस्वस्थ होतो. नित्याच्या व्यवस्थेंत एकच वस्तु जागा सोडून असली कीं मन तिच्याभोंवतीं घुटमळतें. ती वस्तु म्हणजे हे हातमोजे.

त्यानंतर माणसांच्या जागा एकामागून एक बदलूं लागतात. निक या तरुणास काउंटरच्या आंत जावयास सांगण्यांत येतें. स्वयंपाक्यास बाहेर बोलावून पुन्हां आंत नेतात, आणि त्या दोघांस स्वयंपाकघरांत पाठीला पाठ लावून बांधून ठेवतात. झरोका उघडा राहावा म्हणून सॉसच्या बाटलीचा टेकू दिला जातो, आणि नळी कापून आंखूड केलेली बंदूक त्या बाजूस सज्ज राहते. दुसरा मारेकरी काउंटरवरच बसतो; तो समोरच्या जॉर्जकडे न पाहतां आरशांत पाहतो, कारण दार त्यास आरशांत दिसतें. मग तो सहज बोलावें तसें सांगतो कीं, सहाच्या सुमारास येथें जेवावयास येणारा स्वीडिश माणूस आपणांस मारावयाचा आहे. या वाक्यासरशीं सगळी खोली बदलते. घड्याळ, आरसा, झरोका आणि दार या चारही वस्तु आतांपर्यंत नुसतें सामान होत्या. आतां त्यांतील प्रत्येक वस्तूला एका माणसाच्या प्राणांचा संबंध चिकटतो. दिग्दर्शकानें नव्यानें कांहीं दाखविण्याची गरज राहत नाहीं. दार उघडलें कीं प्रेक्षकाचा श्वास आपोआप रोखला जातो.

दार उघडतेंही, पण अँडर्सन येत नाहीं, दुसरींच गिऱ्हाइकें येतात. स्वयंपाकी बाहेर गेला आहे, असें सांगून जॉर्ज एकास वाटेस लावतो. दुसऱ्यास स्वतः सँडविच करून, कागदांत बांधून देतो. तें करावयास तो आंत जातो तेव्हां बांधलेलीं माणसें आणि बंदूक त्याच्या दृष्टीसमोर असतात. तरीही बाहेर येऊन त्यास पैसे मोजून घ्यावे लागतात. विद्यार्थ्यांच्या चित्रपटांत अशा एका गिऱ्हाइकाची भूमिका स्वतः तार्कोव्हस्की यांनीं केली आहे. हा तरुण 'लल्लबाय ऑफ बर्डलँड' या अमेरिकन गीताची चाल शिटीवर वाजवीत असतो. 'एम्'मधील शिटी खुन्याची होती, म्हणून ती भयाण वाटे. ही शिटी एका निष्पाप माणसाची आहे, आणि त्यास कांहींच ठाऊक नाहीं म्हणूनच ती असह्य होते.

आल्फ्रेड हिचकॉक यांनीं १९६२ सालीं फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांच्याशीं झालेल्या संभाषणांत यामागील तत्त्व उलगडून दाखविलें आहे. टेबलाखालीं बाँब आहे हें कोणासच ठाऊक नसेल, तर स्फोटानें प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो प्रेक्षकास ठाऊक असून टेबलाशीं बसलेल्यांस ठाऊक नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पाही तो जीव मुठींत धरून ऐकतो. याच्या उलट प्रयोग रोमान पोलान्स्की यांनीं पोलंडमधील वुज येथील चित्रपट-विद्यालयांत १९५७ सालीं केला. 'खून' या त्यांच्या अवघ्या दीडेक मिनिटाच्या मूक विद्यार्थी-चित्रपटांत दार उघडतें, एक माणूस आंत येतो, झोपलेल्या माणसावर सुरी चालवितो आणि निघून जातो. पूर्वतयारी नाहीं, कारण नाहीं. धक्का बसतो, पण वाट पाहण्याची यातना त्यांत नाहीं.

'मारेकरी' ही कथा हॉलिवूडनेंही १९४६ सालीं पडद्यावर आणली होती. दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमाक. तेथें हेमिंग्वे यांची कथा हा केवळ चित्रपटाचा आरंभ आहे. मारेकरी येतात, उपाहारगृहांत दहशत बसवितात, आणि अखेर अंधाऱ्या खोलींत पडून राहिलेल्या त्या माणसास गोळ्या घालतात. बर्ट लँकेस्टर यांची ती पहिली भूमिका. पुढील सारा चित्रपट हा माणूस पळाला कां नाहीं याच्या शोधांत जातो, आणि उत्तर मिळतें. विद्यार्थ्यांनीं तें उत्तर शोधलें नाहीं. त्यांच्या चित्रपटांत निक धांवत जाऊन अँडर्सनला सावध करतो, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. निक परत उपाहारगृहांत येतो. ज्या खोलींत पहिलें दृश्य झालें, तेथेंच शेवटचेंही होतें.

येथें पहिल्या दृश्याच्या आखणीचें खरें मर्म आहे. तें दृश्य मारेकऱ्यांचें वाटलें, तरी कॅमेरा ज्यांच्याजवळ राहतो ते सारे साक्षीदार आहेत. सांगितलें तेथें बसणारे, विचारलें तें उत्तर देणारे, सँडविच बांधून देणारे. कोण मारणार हा प्रश्न लवकरच सुटतो. ज्यांस कळलें आहे ते काय करणार, हा प्रश्न उरतो. १९५६ च्या फेब्रुवारींत क्रुश्चेव्ह यांनीं पक्षाच्या विसाव्या अधिवेशनांत स्टालिनच्या राजवटींतील अत्याचारांचा पाढा वाचला होता. दाराशीं अनोळखी माणसें येणें आणि शेजाऱ्यांनीं गप्प राहणें, हें मॉस्कोंतील कितीएक कुटुंबांनीं प्रत्यक्ष भोगलेलें होतें. विद्यार्थ्यांच्या मनांतील हेतु कोणताही असो, त्या वर्षीं त्या शहरांत हें दृश्य केवळ अमेरिकेंतील एका गांवाचें राहणें शक्य नव्हतें.

रोम यांनीं या कामाची वाखाणणी केली. सहा वर्षांनीं, १९६२ सालीं, तार्कोव्हस्की यांच्या 'इव्हानचें बालपण' या चित्रपटास व्हेनिस येथें सर्वोच्च पारितोषिकाचा मान मिळाला. आणि १९७९ सालच्या त्यांच्या 'स्टॉकर'चा आरंभ पुन्हां एका उपाहारगृहांतच होतो. इकडे पुण्यांत 'अमृतमंथन'चें चित्रण झालें त्या प्रभातच्या आवारांत १९६० सालीं सरकारी चित्रपट-विद्यालय उभें राहिलें.

आज कॅमेरा खिशांत मावतो, आणि रहस्यपट काढण्याची उमेद कोणाही विद्यार्थ्यास बाळगतां येते. अंधार, किंकाळी आणि रक्त हीं साधनें त्यास सहज मिळतात. त्यांनीं प्रेक्षक दचकतोही. परंतु लेखणी हातीं धरण्यापूर्वीं त्यानें खोलीचा एक नकाशा काढावा. दार कोठें, घड्याळ कोठें, कोणास कोण दिसतो, आणि प्रेक्षकास कोणती गोष्ट केव्हां कळावयाची, हें त्यावर मांडावें. मग त्या खोलींत बसलेल्या निरुपद्रवी माणसांपैकीं कोणाकडे आपली कथा शेवटीं परत येणार आहे, तें ठरवावें. हें ठरलें नसेल, तर पहिलें दृश्य कितीही भयंकर असलें तरी दुसऱ्या दृश्यास तें कांहींच देऊं शकत नाहीं.