शनिवार संध्याकाळचा हिरवा कागद

इंग्लंडमधील शेफील्ड या पोलादाच्या शहरात १९०७ सालापासून दर शनिवारी संध्याकाळी हिरव्या कागदावर छापलेले एक वृत्तपत्र निघत असे. लोक त्याला 'ग्रीन अन' म्हणत. आपल्या बोलीत सांगायचे तर 'तो हिरवा'. त्यात राजकारण नाही, बाजारभाव नाहीत. केवळ खेळ, आणि खेळ म्हणजे प्रामुख्याने फुटबॉल. दुपारी तीनला सुरू झालेला सामना पावणेपाचच्या सुमारास संपे आणि थोड्याच वेळात त्याचा वृत्तान्त कोपऱ्यावरच्या दुकानात विक्रीला येई. ब्रिटनमधील अनेक शहरांची अशी स्वतःची शनिवारची आवृत्ती होती. बर्मिंगहॅमची 'स्पोर्ट्स आर्गस' गुलाबी, नॉर्विचची गुलाबी, तर नॉर्विचच्या परंपरागत प्रतिस्पर्ध्याची, म्हणजे इप्सविचची, हिरवी. रंगामागचे कारण व्यावहारिक होते: नेहमीच्या सायंदैनिकाच्या गठ्ठ्यातून खेळाचा अंक लांबूनच ओळखू यावा.

या प्रथेचे मूळ फुटबॉलपेक्षा कामगारांच्या सुट्टीत आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक केले. त्यांच्याविना गिरण्या चालवणे अवघड, म्हणून पुरुषांचीही सुटका होऊ लागली. हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी इतर उद्योगांतही रुळली आणि जेवून मैदानावर पोहोचायला सोयीची म्हणून तीनची वेळ पक्की झाली. (शेफील्डमधील एका विख्यात क्लबाचे नाव 'वेन्सडे' आहे ते यामुळेच. तो ज्या क्रिकेट क्लबातून १८६७ साली जन्मला, त्याच्या सभासदांची अर्धी सुट्टी बुधवारी असे.) १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा गावोगावचे सामने जवळजवळ एकाच वेळी संपू लागले. साहजिकच पाच वाजता हजारो लोकांच्या मनात एकच प्रश्न असे: बाकीच्यांचे काय झाले? वृत्तपत्रांना याहून हुकमी गिऱ्हाईक कोठून मिळणार?

उत्तर वेळेत देणे मात्र सोपे नव्हते. प्रारंभीच्या काळात मैदानावरून मजकुराचे कपटे कबुतरांकरवी कचेरीकडे धाडले जात. पुढे तार व दूरध्वनी आले. बातमीदार सामना चालू असतानाच दर काही मिनिटांनी चार वाक्ये दूरध्वनीवर सांगे, कचेरीत ती कोणीतरी उतरवून घेई, उपसंपादक त्यावर हात फिरवी आणि मजकूर छापखान्यात जुळाऱ्यांकडे जाई. पूर्वार्धाचा वृत्तान्त शेवटची शिट्टी वाजण्याच्या कितीतरी आधी पानात बसलेला असे. अखेरच्या निकालांसाठी एक चौकट कोरी राखून ठेवत आणि ती अगदी शेवटच्या क्षणी भरत.

या घाईमुळे त्या वृत्तान्तांना एक विलक्षण घडण येई. पहिल्या पाच मिनिटांत फुकट गेलेला एखादा कॉर्नर चार ओळी खाई आणि अखेरच्या मिनिटाचा विजयी गोल एका वाक्यात कोंबला जाई. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसे. पाहुण्यांचा बचाव आज अभेद्य दिसतो, असे काहीसे तो सव्वातीनला सांगून मोकळा होई. शीर्षकात मात्र तेच पाहुणे चार गोलांनी हरलेले असत! वाचक सामना स्वतः पाहून आलेला असे आणि तरीही तो प्रत्येक ओळ वाची. दुसऱ्या दिवशीच्या सावकाश लिहिलेल्या समीक्षेपेक्षा प्रस्तुत लेखकाला हा ओबडधोबड मजकूर अधिक प्रामाणिक वाटतो, कारण मैदानावरची आशा त्यात जशीच्या तशी उरलेली असते.

अंक हा दिवसाच्या एका मोठ्या विधीचा शेवटचा भाग होता. गर्दी बहुधा पायीच निघे, एल. एस. लॉरी यांनी १९५३ साली बोल्टनच्या मैदानाकडे लोटणाऱ्या अशाच गर्दीचे चित्र काढले, ते २०२२ मध्ये ७८ लाख पौंडांना विकले गेले. गळ्यात क्लबाच्या रंगाचा मफलर, हातात लाकडी खुळखुळा, मध्यंतरात मांस भरलेली 'मीट-पाय' आणि बोव्हरिलचा वाफाळता पेला. मैदानाच्या कडेला अ, ब, क अशा धर्तीच्या अक्षरांपुढे इतर सामन्यांचे गुण लावत. कोणते अक्षर म्हणजे कोणता सामना, हे विकतच्या माहितीपत्रिकेत छापलेले असे. ती न घेणाऱ्याने शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकवायचे. कसोटीच्या दिवसांत पानाच्या दुकानातील फळ्यावर खडूने लिहिलेली धावसंख्या पाहायला थांबलेल्या आपल्याकडच्या वाचकांना ही उत्सुकता समजावून सांगावी लागणार नाही.

पाच वाजता बीबीसीच्या नभोवाणीवर 'स्पोर्ट्स रिपोर्ट' लागे. तो १९४८ च्या जानेवारीत सुरू झाला. १९७४ पासून २०१३ पर्यंत त्यात निकाल वाचणारे जेम्स अलेक्झांडर गॉर्डन आवाजाच्या चढउतारातूनच सुचवत, की दुसरा संघ जिंकला की हरला. आकडा नंतर येई. घरोघरी 'फुटबॉल पूल्स'ची पैज लावलेला कागद पुढ्यात घेऊन माणसे बरोबरीचे सामने मोजत बसत. आणि मग मुलाला नाणे देऊन दुकानावर पाठवले जाई. तेथे आधीच जमलेले लोक गठ्ठे घेऊन येणाऱ्या गाडीची वाट पाहत असत.

हे सारे एका दिवसात मोडले नाही. १९७४ साली बीबीसीची 'सीफॅक्स' सेवा आली आणि निकाल दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अक्षरांत दिसू लागले. १५ एप्रिल १९८९ रोजी, शनिवारीच, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीने ९७ जणांचा बळी घेतला. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळे वरच्या दर्जाच्या मैदानांतील उभे राहून पाहण्याचे ओटे गेले आणि खुर्च्या आल्या. तो बदल आवश्यकच होता. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाल्यावर दूरचित्रवाणीच्या सोयीने सामने रविवारी, सोमवारी, शनिवारी भर दुपारी किंवा संध्याकाळी होऊ लागले. शनिवारी पाचला सांगण्यासारखे सामनेच कमी उरले. त्यातच अनेक सायंदैनिकांची छपाई दूरच्या छापखान्यांत गेली आणि मोबाईलने उरलेले काम केले. 'स्पोर्ट्स आर्गस' २००६ साली थांबला, 'ग्रीन अन'ची छापील आवृत्ती २०१३ मध्ये, साउदॅम्प्टनचा गुलाबी अंक २०१७ मध्ये.

मोठ्या क्लबांच्या वृत्तान्ताची उणीव तशी कोणाला भासली नाही. खरे नुकसान आतल्या पानांचे झाले. तेथे शाळांचे, चर्चच्या संघांचे, कारखान्यांच्या संघांचे सामने बारीक टाइपात येत. आठवडाभर भट्टीसमोर राबणाऱ्या माणसाचे नाव आयुष्यात एकदाच छापून येण्याची जागा कित्येकदा तीच असे. ते कात्रण पाकिटात वर्षानुवर्षे जपले जाई. यांपैकी काही वृत्तपत्रांचे जुने अंक आता 'ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह'वर पाहता येतात. आडनाव टाकून आजोबांचा एखादा गोल तेथे शोधता येतो. मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या प्रतींत कागदाचा रंग मात्र उतरलेला नाही.