ललित कला विद्याशाखा, बडोदे

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची चित्र, शिल्प इ. दृश्य कलांचे उच्च शिक्षण देणारी विद्याशाखा. स्थापना १९५०. कारागिरीचे प्रशिक्षण आणि विद्यापीठीय ज्ञान यांची एका छत्राखाली सांगड घालणारी संस्था म्हणून आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे कलाशाळा काढल्या. हुबेहूब रेखनाचे कौशल्य व कारागिरीची सुधारणा यांवर त्यांचा भर असे. विद्यापीठाशी मात्र त्यांचा संबंध नव्हता आणि विद्यार्थ्यास पदवीऐवजी पदविका मिळे. बडोद्यात तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी रविवर्म्याकडून पौराणिक चित्रे करवून घेतली. १८९० मध्ये त्यांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली ‘कलाभवन’ ही तांत्रिक शिक्षणसंस्था स्थापिली. दादासाहेब फाळके हे तेथील एक विद्यार्थी. तथापि कलाभवनाचा रोख उद्योगधंद्यांकडे होता. स्वतंत्र सर्जनशील कलेच्या शिक्षणाची सोय झाली ती १९४९ मध्ये विद्यापीठ अस्तित्वात आल्यावर. कुलगुरू हंसा मेहता यांनी या कल्पनेस पाठबळ दिले. मार्कंड भट्ट हे पहिले अधिष्ठाता होत.

अध्यापन : चित्रकला विभागाची धुरा ना. श्री. बेंद्रे (१९१०–९२) यांच्याकडे आली. मूळचे इंदूरचे असलेल्या बेंद्रे यांनी विद्यार्थ्यांवर स्वतःची शैली लादली नाही; माध्यमांची जाण आणि प्रयोगशीलता यांवर भर दिला. मूर्तिकला विभागाचे प्रमुख शंखो चौधरी (१९१६–२००६) हे रामकिंकर बैज यांचे शिष्य. १९५१ मध्ये आलेले के. जी. सुब्रमण्यन् (१९२४–२०१६) हेही शांतिनिकेतनच्या परंपरेतील. लोककला, विणकाम, खेळणी, भित्तिचित्रे यांना त्यांनी अभ्यासात मानाचे स्थान दिले. विद्यार्थी व शिक्षक मिळून हस्तनिर्मित वस्तू विकत, ते कलामेळे याच दृष्टीतून निघाले. चित्रकला, मूर्तिकला, आरेख्यक कला व उपयोजित कला यांच्या जोडीला कलेतिहास व सौंदर्यशास्त्र आणि संग्रहालयविद्या या विषयांची सोय येथे झाली. कार्यशाळेत अम्लरेखन वा ओतकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यास कलेतिहासही अभ्यासावा लागे. त्यामुळे केवळ हात नव्हे, तर दृष्टीही घडे.

प्रभाव : १९५६ मध्ये शिक्षक व विद्यार्थी यांनी ‘बरोडा ग्रुप’ स्थापन केला. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख, हिम्मत शहा, मृणालिनी मुखर्जी यांच्यासारखे कलावंत या विद्याशाखेतून पुढे आले. भूपेन खक्कर (१९३४–२००३) हे व्यवसायाने हिशेबनीस. त्यांनी येथे कलासमीक्षेचे शिक्षण घेतले आणि पुढे सामान्य माणसांच्या जीवनाची चित्रे रंगविली. १९७० नंतर येथे आख्यानपर चित्रणास चालना मिळाली, तर याच काळात अध्यापन करणाऱ्या नसरीन मोहम्मदी यांनी रेषेवर आधारलेली काटेकोर अमूर्त शैली जोपासली. अशा भिन्न वृत्ती एकत्र नांदल्या, हे या विद्याशाखेचे वैशिष्ट्य होय.

२००७ चा वाद : मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या काही कलाकृतींमुळे धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली व त्यास अटक करण्यात आली. निषेधार्थ विद्यार्थ्यांनी प्राचीन भारतीय शृंगारशिल्पांच्या प्रतिमांचे प्रदर्शन भरविले. ते बंद करण्यास नकार देणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांना विद्यापीठाने निलंबित केले. परीक्षकांपुढे ठेवलेली कृती ही सार्वजनिक प्रदर्शन ठरते काय, तिच्या मूल्यमापनाचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न त्यातून देशभर चर्चिले गेले. कलाशिक्षण विद्यापीठात आल्याने त्यास प्रतिष्ठा, ग्रंथालय व शासकीय आर्थिक आधार लाभला. त्याचबरोबर सार्वजनिक संस्थेवर येणारी दडपणेही त्याच्या वाट्यास आली. प्रयोग करण्याची व चुकण्याची मोकळीक हा कार्यशाळेतील शिक्षणाचा प्राण असल्याने, ती किती टिकते यावरच अशा शिक्षणाचा कस ठरतो.