मुंबई ते जेद्दाह: विमानाचं अंतर किती, वेळ किती लागतो आणि मीकात कधी येते?

उमराहला पहिल्यांदाच निघालेल्या अनेकांना तिकिटावरची वेळ बघून गोंधळायला होतं. म्हणून ही माहिती आम्ही एका ठिकाणी देत आहोत.

अंतर: मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. मुंबई ते मदीना मुनव्वराही जवळपास तेवढंच. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेही जात आणि त्यात कित्येक दिवस जायचे. आता थेट विमानाने साधारण साडेपाच तास लागतात. परतताना वारा बहुधा मागून मिळतो, त्यामुळे पाच तासांच्या आसपास पोहोचता येतं.

घड्याळाचा फरक: सऊदी अरबची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. समजा विमान मुंबईहून सकाळी ९ ला सुटलं, तर तिकिटावर जेद्दाहची वेळ दुपारी १२ दिसेल. प्रवास तीन तासांचा नाही, साडेपाच तासांचाच आहे. येताना उलटं होतं. रात्री ९ ला जेद्दाहहून निघालात तर मुंबईत पहाटे साडेचार वाजलेले असतात.

मीकात: हा हिशोब सर्वात महत्त्वाचा इथेच आहे. मुंबईहून जाणारं विमान जेद्दाहला उतरण्याआधीच मीकातच्या हद्दीवरून जातं, बहुधा लँडिंगच्या अर्धा तास आधी. बहुतेक उलमांच्या मते उमराहची नियत त्याआधी करावी लागते. इहरामशिवाय मीकात ओलांडली तर दम, म्हणजे कुर्बानी, द्यावी लागू शकते.

म्हणून आम्ही सांगू:

– इहरामची चादर मोठ्या बॅगेत टाकू नका, ती विमानाच्या पोटात जाते. हातातल्या बॅगेत ठेवा, नाहीतर घरून किंवा मुंबई विमानतळावरच बांधून निघा.
– विमान सुटल्यापासून साडेचार तास झाले की जागे राहा. बऱ्याच विमानांत मीकातची घोषणा होते, पण झोप लागली तर ती ऐकू येत नाही. झोपेची भीती असेल तर नियत आधीच करून तलबिया पढा.
– नियतीनंतर विमानात मिळणारा सुगंधी टिश्यू वापरू नका.
– महिलांना इहरामसाठी वेगळा पोशाख नाही, पण नियत त्यांनीही मीकातपूर्वीच करायची. हैज असेल तरीही नियत करावी, तवाफ मात्र पाक झाल्यावर.

आधी मदीना मुनव्वरा असेल तर विमानात इहराम लागत नाही. तिथून मक्का मुकर्रमाला निघताना ज़ुल-हुलैफा (अबयार अली) इथे इहराम बांधावा. हे अंतर सुमारे ४५० किलोमीटर आहे. हरमैन रेल्वेने दोन-अडीच तासांत, बसने पाच-सहा तासांत पोहोचता येतं.

मसल्यात शंका असेल तर निघण्यापूर्वीच आपल्या मस्जिदच्या इमाम साहेबांना विचारून घ्या. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.